भौतिकशास्त्राची गणिते मिळून सोडवताना या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या मुलांना घेऊन शनिवारी संध्याकाळी फळ्यासमोर बसायचे आणि यांत्रिकीची गणिते चर्चेने सोडवायची, हा माझा जुना परिपाठ आहे. चार डोकी एकत्र आली की गणित लवकर सुटते असा सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिला अर्धा तास ज्या वादात जातो, त्याचा भौतिकशास्त्राशी फारसा संबंध नसतो. प्रत्येक जण वेगळेच गणित सोडवत असतो आणि ते वेगळे आहे हे कोणाच्याच ध्यानात आलेले नसते.

याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे प्रश्न आठवेल तसा, आपल्या शब्दांत सांगणे. एकदा एका मुलाने आल्या आल्या विचारले, की ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावर २ किलोग्रॅमचा ठोकळा ठेवला आहे, तर उतार त्याच्यावर किती लंब बल, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनातले बल, लावेल? सर्वांनी एका सुरात ‘एमजी कॉस थीटा’ (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उताराच्या कोनाचा कोसाइन) म्हटले आणि गुरुत्वत्वरण १० धरून सुमारे १७.३ न्यूटन हे उत्तर काढले. पुस्तकाच्या मागे मात्र १३.९ छापले होते. मग एकाने १० ऐवजी ९.८ घेऊन पाहिले, दुसऱ्याने कॉसच्या जागी साइन घातला, तिसऱ्याने छपाईची चूक असल्याचा निकाल देऊन टाकला, आणि हे सगळे ऐकत मीही, कबूल करायला हरकत नाही, तासभर त्याच फळ्याकडे पाहत राहिलो. शेवटी पुस्तकच मागवले, तेव्हा मूळ प्रश्नातले दुसरे वाक्य सापडले: तो उतार म्हणजे २ किलोग्रॅमची सुटी पाचर होती आणि ती स्वतः गुळगुळीत जमिनीवर ठेवलेली होती. ‘सर, ते वाक्य महत्त्वाचे वाटले नाही,’ असे तो मुलगा म्हणाला.

सगळे गणित त्याच वाक्यात होते. ठोकळा खाली घसरताना पाचर मागे सरकते, म्हणजे ठोकळ्याखालचा पृष्ठभाग त्याच्यापासून दूर जाऊ पाहतो आणि त्यामुळे दोघांमधला दाब कमी होतो. एमजी कॉस थीटाला ‘एक अधिक, ठोकळा व पाचर यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर गुणिले साइन वर्ग थीटा’ या राशीने भागावे लागते. दोन्ही वस्तुमाने समान आणि कोन ३० अंश असताना हा भाजक १.२५ होतो, आणि म्हणून बल ८० टक्क्यांवर येते. पाचर अतिशय जड आहे असे मानले, तर भाजक एकच्या जवळ जातो आणि स्थिर उताराचे ओळखीचे उत्तर परत मिळते. ही शेवटची तपासणी अर्ध्या मिनिटात होते, पण ती करण्याइतका धीर नवख्यांपैकी फार थोड्यांपाशी असतो. त्या दिवसापासून विचारणाऱ्याने प्रश्न पुस्तकातून शब्दशः वाचायचा आणि आकृती त्यानेच काढायची, असा माझा दंडक आहे. तोवर खडू इतर कोणाच्या हाती जात नाही.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे: आपण कोठून पाहत आहोत हे न सांगता वाद घालणे. दोरीला बांधून आडव्या वर्तुळात फिरवलेल्या गोळ्यावर एक मुलगी जमिनीवरून पाहत दोरीचा ताण आणि वजन एवढी दोनच बले दाखवते. दुसरी गोळ्याबरोबर फिरत आहे असे मानून बाहेरच्या दिशेने अपकेंद्री बलही दाखवते. दोघींचे समीकरण शेवटी एकच येते, तरी दोघी एकमेकींना चूक ठरवतात. खरा घोळ घालतो तो मध्यस्थ. तो समेट म्हणून ताण, वजन, आत अभिकेंद्री आणि बाहेर अपकेंद्री अशी चारही बले एकाच आकृतीत काढतो. वास्तविक अभिकेंद्री बल हे ताणाच्या आडव्या घटकाचेच नाव आहे. ते वेगळे मोजले की एकच बल दोनदा धरले जाते. मी आकृतीच्या कोपऱ्यात ‘जमिनीवरून’ किंवा ‘गोळ्यावरून’ एवढे आधी लिहायला लावतो, आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

बाकीच्या चुकांवर फार वेळ घालवण्याची इच्छा नाही. घर्षण म्हटले की म्यू (घर्षणांक) गुणिले लंब बल लिहून टाकणे ही त्यांतली नित्याची आहे: आडव्या टेबलावरचा २ किलोग्रॅमचा ठोकळा ४ न्यूटनने ढकलला आणि स्थैतिक घर्षणांक ०.५ असला, तर घर्षण ४ न्यूटनच असते. १० न्यूटन ही त्याची कमाल मर्यादा आहे. वजन आणि टेबलाचे लंब बल ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी नव्हे, कारण ती दोन्ही एकाच वस्तूवर लागतात. पहिल्याच ओळीत आकडे घालू नयेत, अक्षरे शेवटपर्यंत ठेवावीत. अन्यथा कोणाची चूक कोठे झाली हे शेजाऱ्याला शोधता येत नाही.

आणि शिकवणीत पाठ केलेली ‘शॉर्टकट’ सूत्रे चर्चेत आणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की हे सूत्र कोणत्या अटीवर चालते. सगळ्या दोऱ्या ताठ असताना की एक सैल पडली तरी? कप्पीला वस्तुमान असले तर? उत्तर आले नाही, तर ते सूत्र त्या संध्याकाळपुरते फळ्याबाहेर राहते, त्याने निघालेले उत्तर बरोबर असले तरीही.