‘ओळखा पाहू, मी कोण?’ : घरात डिमेन्शिया असेल तर या चुका टाळा

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, नाशिकच्या पंचवटीतच जन्मले, तिथेच ऐंशीचे झाले. एका सकाळी ‘गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) जाऊन येतो’ म्हणून निघाले आणि इंद्रकुंडापाशी दीड तास उभे राहिले. घर कुठल्या अंगाला, तेच आठवेना. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, आजोबा कुणाची तरी वाट बघताहेत. वाटणारच. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगून आठ महिने झाले होते आणि गल्लीत आम्ही ‘जरा अशक्तपणा आहे’ एवढंच सांगत होतो.

आमची सगळ्यात मोठी चूक ही. ‘वेड लागलं’ म्हणतील, ‘म्हातारचळ’ म्हणतील, या भीतीने लपवलं. डिमेन्शिया हा मेंदूचा आजार आहे. पेशी हळूहळू निकामी होतात आणि आठवण, भाषा, दिशांचं भान सुटत जातं. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. देशात साठीपुढच्या दर शंभरांत साधारण ७ जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज आहे. म्हणजे आपल्याच आळीत आणखी एखादं घर असंच दार लावून बसलेलं असणार.

त्या दिवसानंतर फुलवाल्या मावशींना, किराणावाल्याला, रिक्षा स्टँडवर, सगळ्यांना सांगितलं. नानांच्या सदऱ्याच्या खिशात दोन फोन नंबरांची चिठ्ठी असते. आता ते भांबावलेले दिसले की मावशी त्यांना चहाला बसवतात आणि आम्हाला फोन करतात. तरीही माणूस सापडेनासा झाला, तर चोवीस तास थांबू नका. लगेच ११२ लावा.

‘साठी बुद्धी नाठी, चालायचंच’ म्हणून तपासणी टाळणं ही दुसरी चूक. दूध उतू जाणं कुणाच्याही हातून होतं. पण जन्मभर चहा केलेल्या बाईला आधी पाणी की आधी पावडर हे सुचेना, तर डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांनीही असंच होऊ शकतं, आणि त्यांवर उपचार आहेत. आणि कालपर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागला, तर लघवीचा संसर्ग किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता पाहुण्यांची चूक. येतात प्रेमाने, पण दारातच विचारतात, ‘ओळखा पाहू, मी कोण?’ नाना एकेका चेहऱ्याकडे बघत राहायचे, कपाळावर घाम यायचा, मग चिडून आत जायचे. पाहुणे म्हणायचे, ‘नाना फार तुसडे झाले.’ भरल्या घरात रोज तोंडी परीक्षा द्यायची आणि रोज नापास व्हायचं, तर कोण चिडणार नाही? आता मी उंबऱ्यातच सांगून ठेवते, आधी स्वतःचं नाव सांगा. ‘नाना, मी तुमची भाची शकू, पुण्याहून आले.’ नाना लगेच म्हणतात, ‘बस, बस.’

खरं-खोटं करायला जाऊ नका. नाना विचारायचे, ‘आई कुठंय?’ आम्ही म्हणायचो, ‘अहो, त्यांना जाऊन तीस वर्षं झाली.’ ते हमसून रडायचे, कारण त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवीच. आता मी विचारते, ‘आईंच्या हातचं काय आवडायचं?’ मग पुरणपोळीवर गाडी येते.

पाकीट चोरल्याचा आळ माझ्यावरही आला. पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तो आळ आजार घेतो, नाना नाही, हे पटायला मला वेळ लागला. तसंच दुसरं पाकीट आणून ठेवलंय, दोघं मिळून शोधतो, सापडतं.

सांभाळणाऱ्याने एकट्याने ओढत राहू नये. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ आणि मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा.

दिवेलागणीला नाना अस्वस्थ होतात, ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. या आजारात संध्याकाळी असं पुष्कळांचं होतं. ‘हेच तुमचं घर’ म्हणून वाद घातला की दार वाजवायला लागतात. म्हणून मी चपला काढून देते. काळारामाच्या दारापर्यंत जातो, नमस्कार करतो, परत फिरतो. आमचं फाटक दिसलं की नाना म्हणतात, ‘आलं बघ घर.’