गॅरेजचा पाया बदलताय? या चुका टाळा

भिंतीला तिरका तडा गेला, शटर अडकायला लागलं, की लोक आधी पहार शोधतात. आधी पाणी शोधा. पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतंय का, जमिनीखालची लाइन गळतेय का, हे न बघता घातलेला नवा पायाही जुन्याच्याच वाटेने जातो. तड्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारून तारीख लिहा. ओला आणि कोरडा असे दोन्ही हंगाम ती न तडकता टिकली, तर खोदायची गरज आहे का, याचा पुन्हा विचार करा.

सगळ्यात महागात पडते ती भिंतीखालची माती एका दमात उकरण्याची हौस. "एकदाच खोदू, एकदाच ओतू." त्या दिवशी काहीच होत नाही, भिंत स्वतःला तोलून धरते आणि खोदणारा निर्धास्त होतो. रात्री एक सर येते, चराच्या कडा ढासळतात, सकाळी खालचे दोन थर सुटलेले आणि चौकट पिरगळलेली. मग पाया राहतो बाजूला, भिंतच नव्याने बांधावी लागते.

काम १ ते १.२ मीटरच्या तुकड्यांतच करायचं. खडूने भिंतीवर ओळीने १, ३, ५, २, ४ असे आकडे घाला, पुढे पुन्हा तेच. आधी १ आकड्याचे सगळे तुकडे खोदून भरायचे, मग सगळे २, असं पुढे. शेजारचा तुकडा भरून, ठासून, घट्ट झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. छपराचा भार आतून टेकूंवर घ्या, टेकूखाली जाड फळ्या हव्यात. नुसत्या मातीवर ठेवलेला जॅक भिंत उचलत नाही, स्वतःच खाली जातो. भिंत घराला लागून असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नका.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त होते. नवं काँक्रीट जुन्या पायाला थेट भिडेपर्यंत भरतात. ते सुकताना आकसतं, वर फट राहते, भिंत तेवढी बसते आणि जुना तडा पुन्हा उघडतो. वर साधारण ७५ मिलिमीटर जागा सोडा. एक-दोन दिवसांनी त्यात १:३ सिमेंट-वाळूचा कोरडसर मसाला ठासा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, तळहात ओला होऊ नये. लाकडी ठोकळा आणि हातोड्याने, थोडा थोडा भरत. कंटाळून पातळ मसाला ओतणाऱ्यांनी हे काम अंगावर घेऊच नये.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. एम-२० (काँक्रीटचा ताकदीचा दर्जा) साठी सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ मिसळताना ५० किलोच्या गोणीला २५-२७ लिटर पाणी, वाळूतला ओलावा त्यातच धरून. "जरा सैल करू" म्हणत आणखी बादली ओतली की ताकद गेली. सळया विटेच्या तुकड्यांवर नको, ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई तळापासून उचलून धरणारे काँक्रीटचे ठोकळे) वापरा. १२ मिलिमीटरच्या सळईचा लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींवर येतात ती लांबी, ६०० मिलिमीटर ठेवा, पुढच्या तुकड्यासाठी तेवढी टोकं बाहेर सोडा. काँक्रीटवरचं गोणपाट किमान ७ दिवस ओलं हवं.

भराव १५० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. उकरलेली चिकण माती परत लोटू नका, मुरूम घाला. वरचा स्लॅब १०० ते १२५ मिलिमीटर, दाराकडे १०० ला १ उतार, दर ३ मीटरवर जाडीच्या पाव भागाइतका खोल कट. हा कट दुसऱ्या दिवसापर्यंत मारला नाही, तर स्लॅब स्वतःच जागा निवडून फुटतो.