खाडीवर पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

होळीच्या आसपास शिवडीहून, भांडुपहून "काहीच दिसलं नाही" म्हणत परतणारे बरेच भेटतात. पक्षी असतात, वेळ चुकलेली असते. सुट्टी आणि घड्याळ बघून निघणं ही सगळ्यात मोठी चूक. निघायचं ते भरती बघून. ऐन ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि फ्लेमिंगो पार पाण्याच्या कडेला, ठिपक्यांएवढे. ऐन भरतीला चिखलच बुडतो, मग थवे नेरुळच्या पाणथळीकडे विसाव्याला जातात. भरतीच्या दोनेक तास आधी किंवा तितक्याच वेळाने नंतर ते काठाजवळ चरत असतात.

मोबाइलवर वेळा मिळतात, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब तोंडपाठ ठेवा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला भरती साधारण सहाला, ओहोटी बाराला. हे माहीत नव्हतं तेव्हा मी द्वादशीला दुपारी तीनला शिवडीच्या जेट्टीवर उभा होतो. नऊची भरती कधीच ओसरलेली. समोर नुसता चिखल. फार हिरमुसलो होतो.

दुसरी चूक उजेडाची. शिवडीची खाडी पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत आणि पक्षी सगळे काळे. तिथे पंचमी-षष्ठीची दुपार गाठा, तेव्हा भरती चारच्या सुमाराला येते. सकाळीच जमत असेल तर ऐरोलीला जा, तिथे ऊन पाठीवर येतं.

फक्त रंगावरून पक्षी ओळखू नका. राखाडी फ्लेमिंगो आजारी नसतात, ती पिल्लं असतात. धाकट्या रोहिताची (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) चोच गडद, जवळजवळ काळी. थोरल्याची गुलाबी, टोकाला काळी. हिवाळाभर मळकट दिसणारे काही तुतवार, म्हणजे चिखलात चरणारे छोटे पक्षी, तर मार्च-एप्रिलमध्ये विटकरी व्हायला लागतात, आणि पुस्तकातलं चित्र जुळेनासं होतं. तेव्हा चोचीची लांबी आणि वाक बघा.

फोटोसाठी चिखलात मात्र उतरू नका. पाय रुततो, तिवरांची श्वासमुळं मोडतात. ड्रोनही नको, ऐरोली ते वाशी पुलांमधली खाडी २०१५पासून अभयारण्य आहे. आत्ता हे पाहुणे परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवताहेत, आणि उगाच उडायला लावलं की त्यातलीच खर्ची पडते.

चरणाऱ्या माना एकदम वर झाल्या, की तुम्ही जास्त जवळ गेलात. दोन पावलं मागे या, खाली बसा, बोलू नका. थोड्या वेळाने एकेक चोच पुन्हा चिखलात जाते.