पाकिटातला नान मऊ कसा करायचा
पाकिटातला नान कोरड्या तव्यावर टाकला की कडक होतो आणि मायक्रोवेव्हमधून काढला की पाच मिनिटांत चामडं. त्याला हवं असतं पाणी. ओला हात दोन्ही बाजूंनी फिरवा, तापलेल्या लोखंडी तव्यावर नान टाका आणि वर झाकण ठेवा. 40-45 सेकंदांत वाफेने मऊ पडतो. मग चिमट्यात धरून थेट गॅसच्या आचेवर फिरवा, काळे ठिपके उठेपर्यंतच. तंदूरची आठवण करून देणारा खरपूस वास इथेच येतो. लगेच वरून बटर लावा. बटरमध्ये लसूण घालणार असाल तर आधी जरा परता, कच्चा फार उग्र लागतो. खाईपर्यंत नान सुती फडक्यात गुंडाळून ठेवा.