मिरचीचा शेंडा चुरडला? पंप भरण्याआधी भिंग काढा

मिरचीचा शेंडा गोळा झाला की गावात एकच नाव निघतं: बोकड्या, म्हणजेच चुरडा-मुरडा. नाव एक असलं तरी त्यामागे कारणं निदान तीन असतात. फुलकिडे, पिवळा कोळी (इंग्रजीत माइट) आणि पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. दुकानात जाऊन नुसतं ‘बोकड्याचं औषध द्या’ म्हटलं की बहुधा फुलकिड्यांचं औषध हातात पडतं. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे, त्यामुळे कीटकांवरची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत. वर सायपरमेथ्रीनसारख्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकाने कोळ्याला खाणारे परभक्षी कोळी आणि मित्रकीटक मरतात, आणि दहा-बारा दिवसांत प्लॉट आधीपेक्षा वाईट दिसतो.

पहिली ओळख पानाच्या वळणावरून होते. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिड्यांचा संशय घ्या. कडा खाली वळून होडी उलटी झाली तर पिवळा कोळी. कोळ्याच्या पानाचा देठ लांबतो, पातं अरुंद आणि कडक होतं, मागची बाजू तेलकट तपकिरी चकाकते. फुलं गळतात, लागलेल्या मिरचीच्या सालीवर खाकी, खरखरीत चट्टे येतात. विषाणूचं झाड वेगळं कळतं. पानं बारीक, शिरा जाड, रंग पिवळट, झाड खुजं, आणि सुरुवातीला अशी झाडं प्लॉटभर विखुरलेली एकटी-दुकटी असतात. ती उपटून टाका, त्यांच्यावर औषधाचा पैसा घालू नका.

आणखी एक चकवा तणनाशकाचा. ऊस किंवा ज्वारीत २,४-डी मारलेला पंप नीट न धुता मिरचीत वापरला, किंवा शेजारून वाऱ्याने फवारा आला, तर शेंडे हुबेहूब कोळ्यासारखे अरुंद आणि वेडेवाकडे होतात. फरक असा की तणनाशकाचा परिणाम वाऱ्याच्या बाजूला एकदम दिसतो आणि बांधावरची रुंद पानांची तणंही मुरडलेली असतात. कोळी मात्र एका ठिगळातून हळूहळू पसरतो.

पक्की खात्री भिंगानेच होते. पिवळा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १० पट भिंगात हलणारा ठिपका दिसतो, २० पट असेल तर काम सोपं. पूर्ण चुरडलेलं जुनं पान तोडून बघू नका, कोळी तिथून कधीच वर सरकलेला असतो. नुकतं उलगडणारं शेंड्याचं दुसरं-तिसरं पान घ्या आणि मागच्या बाजूला मधल्या शिरेलगत बघा. अंडी सापडली की शंका संपली. लंबगोल, काचेसारखं पारदर्शक अंडं, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. असं अंडं मिरचीवरच्या दुसऱ्या कुठल्याच किडीचं नसतं. कधी एक कोळी दुसऱ्याला पाठीवर घेऊन चाललेला दिसेल. तो नर असतो, वयात येऊ घातलेल्या मादीला कोवळ्या पानावर नेत असतो. कोळी पांढऱ्या माशीच्या पायाला चिकटूनही झाडं बदलतो, म्हणून माशी वाढली की कोळ्यावरही लक्ष ठेवा.

मिरचीवर लाल कोळीही येतो, त्याचं गणित उलटं. तो मोठा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, पानावर पांढरे बारीक ठिपके पडतात आणि प्रादुर्भाव वाढला की जाळी होते. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालू लागतील. तो फेब्रुवारी ते मे या कोरड्या उन्हात आणि धुळीच्या रस्त्याकडेच्या ओळींत जोर करतो. पिवळा कोळी ढगाळ, दमट हवेत, म्हणजे खरिपाच्या मिरचीत पावसाळ्याच्या उत्तरार्धात. भोकरदन, सिल्लोड, नंदुरबार भागातल्या खरीप मिरचीत ऑगस्टपासून दर चार दिवसांनी भिंग घेऊन फिरावं, कारण उबदार हवेत त्याची पिढी आठवड्याच्या आत पूर्ण होते.

फिरताना चांगल्या प्लॉटमधून सुरुवात करा, बाधित प्लॉट शेवटी. कपड्यांवरूनही तो पसरतो. एकरात वेगवेगळ्या ठिकाणचे २० शेंडे बघा. तीन-चार शेंड्यांवर अंडी किंवा कोळी दिसले तर थांबू नका. लागण एका कोपऱ्यात असेल तर तिथले शेंडे खुडून पिशवीत भरा आणि जाळा. बांधावर टाकलेले शेंडे सुकले की कोळी परत पिकावर येतो.

फवारणीत अर्धं यश नोझलचं. कोळी पानामागे आणि शेंड्याच्या घडीत असतो, वरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) नोझल खालून वर धरा. वाढलेल्या पिकाला एकरी २०० लिटर पाणी लागतंच. १०० लिटरमध्ये उरकलेली फवारणी हे ‘औषध चाललं नाही’ या तक्रारीचं नेहमीचं कारण. २०० लिटर पाण्याला स्पायरोमेसिफेन २२.९ एससी हे कोळीनाशक १६० मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १२ मिली. हे संथ काम करतं, अंडी आणि पिल्लांवर जास्त. दुसऱ्या दिवशी कोळी जिवंत दिसले म्हणून लगेच दुसरं औषध मारू नका. प्रौढ कोळी खूप असतील तर प्रोपरगाइट ५७ ईसी एकरी ६०० मिली किंवा फेनाझाक्विन १० ईसी ५०० मिली. सात दिवसांनी पुन्हा शेंडे बघा, जिवंत कोळी असतील तर दुसऱ्या गटाचं, म्हणजे कोळ्यावर वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध घ्या. फेनाझाक्विन आणि फेनपायरोक्झिमेट ही नावं वेगळी पण गट एकच, त्यामुळे एकामागून दुसरं मारणं म्हणजे बदल नव्हे. डायकोफॉलची जुनी बाटली कोपऱ्यात असली तरी वापरू नका, त्यावर २०२३ मध्ये देशात बंदी आली. खरेदी करताना लेबलवर मिरची आणि कोळी दोन्ही छापलेलं आहे का ते वाचा.

स्पायरोमेसिफेन आणि प्रोपरगाइट मारल्यावर सात दिवस तोडा नाही, फेनाझाक्विनला दहा. हिरव्या मिरचीचा तोडा आठ-दहा दिवसांवर असतो, म्हणून तोडा झाला की त्याच संध्याकाळी फवारा. मधमाश्याही तेव्हा परतलेल्या असतात. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम चालतं, पण पारा ३२ अंशांच्या वर असताना नको, आणि निंबोळी तेल मारल्यावर दोन आठवडे तर नकोच, पानं करपतात. एका पंपात चार-पाच औषधं, टॉनिक आणि विद्राव्य खत कालवण्याची सवय सोडा.

फवारणीनंतर वाकडी पानं सरळ होत नाहीत. कोळ्याच्या लाळेचा परिणाम कोळी मेल्यावरही राहतो. दहा-बारा दिवसांनी नवा शेंडा कसा फुटतो तेवढंच बघा. तोवर युरिया रोखा, कोवळी लुसलुशीत फूट कोळ्याला हवीच असते.

बऱ्याच वेळा कोळी रोपांबरोबरच येतो. रोपवाटिकेतून घेताना दर ट्रेमधून दोन-तीन रोपांचे शेंडे भिंगाखाली घ्या, अंडी दिसली तर तो ट्रे परत करा. आणि जुनी मिरची उभी असताना तिच्या शेजारी नवी लावू नका. शेवटचा तोडा झाला की पीक उपटून काढा आणि मगच पुढची लावण करा.