जुन्या गाडीचा रेडिएटर गळतोय? आधी गळती शोधा, मग पाना उचला

दर चार दिवसांनी बॉनेट उघडून पाणी ओतायचं आणि ‘जुनी गाडी आहे, पाणी पिणारच’ म्हणून सोडून द्यायचं, ही पुण्यातल्या बऱ्याच मारुती ८००, झेन, सँट्रो आणि इंडिकावाल्यांची रीत. पण कूलिंगची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातलं पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडतंय, नाहीतर इंजिनाच्या आत जाऊन जळतंय. शहरातल्या शहरात हे काही दिवस खपून जातं. खंबाटकी किंवा सिंहगडाचा घाट चढताना, तेही मे महिन्यात एसी लावून, खपत नाही. तिथे काटा लालवर गेला की पाचशे रुपयांच्या पाइपचं काम हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलवर जातं.

कामाला हात घालण्याआधी एकच सक्त नियम: गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून उघड्या पातेल्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं. बहुतेक जुन्या लहान गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हा दाब. या दाबाखाली पाणी ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे गरम गाडीत १०० अंशांच्या वरचं पाणी गपचूप बसलेलं असतं. झाकण फिरवून दाब सोडलात की त्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर येते. फडकं धरून हळूच उघडणं वगैरे बहादुरी नको. दोन तास थांबा, वरचा होज पाइप (रेडिएटर आणि इंजिन जोडणारा रबरी पाइप) हाताला गार लागू दे, मग उघडा.

गळती शोधणं

निम्मं काम हेच आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात. रात्री गाडी लावताना पुढच्या भागाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा. पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनानं खुणा करून ठेवा, म्हणजे सकाळी डाग कुठल्या भागाखाली पडलाय ते नेमकं कळेल. डागाला बोट लावून बघा. कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळून रेडिएटरमध्ये भरायचं रंगीत द्रव्य, हिरवा, नारिंगी किंवा गुलाबी असतो, किंचित चिकट लागतो, वास गोडसर येतो. ऑइल काळपट आणि बुळबुळीत. नुसतं स्वच्छ, बिनवासाचं पाणी डाव्या बाजूला मागे पडलेलं असेल तर ते बहुधा एसीचं असतं. त्यावर झोप उडवू नका.

मग बॉनेट उघडून टॉर्च घ्या. गळती ओली असतेच असं नाही. गरम इंजिनावर थेंब वाळतो आणि मागे पांढरट-हिरवट खपली ठेवून जातो. ही खपली होज पाइपच्या टोकांना, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीच्या कडेला, जाळीच्या मधोमध आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला शोधा. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून पाणी झिरपत असेल तर पंपाचं सील गेलंय. रेडिएटरचा काही दोष नाही. डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून चिकट धुकं, असं असेल तर हीटरची जाळी गळतेय.

तरीही सापडेना? संशय असलेले सांधे कोरडे पुसा, त्यावर घरातली टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा आणि बंद करून बघा. पावडरीवर ओली रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. खालचा थेंब फसवतो, कारण पाणी चेसीवरून वाहत कुठेही जाऊन टपकतं. पंखा आणि पट्टा फिरत असताना हात, ओढणी, शर्टाची बाही लांब ठेवा. इलेक्ट्रिक पंखा तर इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.

गॅरेजमध्ये हातपंपासारखा प्रेशर टेस्टर असतो. तो झाकणाच्या जागी बसवून झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब देतात. गार इंजिनावर काटा दहा मिनिटं जागचा हलला नाही तर बाहेर गळती नाही. काटा खाली येतोय पण थेंब कुठेच दिसत नाही, हे लक्षण वाईट. सोबत सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही पांढरा धूर, गार इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे, किंवा डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ झालेलं ऑइल असेल तर हेड गॅस्केटकडे बघा आणि पुढचं सगळं मेकॅनिकवर सोपवा.

झाकण, क्लिपा आणि पाइप

नवा रेडिएटर घ्यायच्या आधी झाकण बदलून बघा. त्याचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतून ओसंडतं. लोकांना वाटतं रेडिएटर गेला. नाना पेठेत तुमच्या गाडीचं झाकण चहा-वडापावच्या दोन-चार प्लेटांच्या पैशांत मिळून जातं. फक्त आकडा तोच घ्या. ०.९ च्या जागी जास्त दाबाचं झाकण लावलं तर म्हाताऱ्या टाकीची शिवण उकलते.

होज पाइप गार असताना दाबून बघा. लाकडासारखा कडक, नाहीतर फुगून पिलपिलीत झालेला, क्लिपेजवळ चिरा पडलेला पाइप बदलायचाच. एक गेला असेल तर वरचा-खालचा दोन्ही बदला; दोघांचं वय एकच आहे.

आधी पाणी काढा. रेडिएटरच्या तळाशी ड्रेनचा नॉब असतो, पण जुन्या गाडीत तो बहुधा जाम झालेला असतो आणि जोर केला की तुटतो. हलत नसेल तर नाद सोडा, खाली रुंद टब ठेवा आणि खालचा पाइपच सोडवा. पाइप नळीवर चिकटून बसलेला असतो. स्क्रूड्रायव्हर घालून तो उचकटायचा नाही, कारण रेडिएटरची नळी पितळी असेल तर चेपते आणि प्लॅस्टिकची असेल तर मोडते. पाइप तसाही फेकायचाय, त्याला कटरनं लांबीत चीर द्या आणि सालीसारखा सोलून काढा. उघडी पडलेली नळी बारीक पॉलिश पेपरनं घासा. तिथे साचलेला पांढरा क्षार खरवडला नाही तर नवा पाइपही आठवड्यात पाझरतो.

नवा पाइप चढवताना नळीला थोडा कूलंट लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, त्यानं रबर फुगतं. क्लिप आधी पाइपवर ओवून घ्या. नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या आतल्या बाजूला क्लिप यायला हवी. उंचवट्यावर बसवली तर दाब आल्यावर घसरते. रबर क्लिपेच्या भोकांतून बाहेर यायला लागलं की आवळणं थांबवा.

रेडिएटरच गळत असेल तर

जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात. त्यांना डाख देता येतो, आणि हे काम करणारे कारागीर पुण्यात अजून आहेत. ॲल्युमिनियमची जाळी आणि काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या असतील तर डाखाचा प्रश्न येत नाही. तडकलेल्या प्लॅस्टिकवर एम-सील थापून घरापर्यंत येता येतं, त्यापुढे नाही. तिथे सरळ नवा घ्यावा.

काढणं अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाणी सोडा, दोन्ही पाइप आणि बाटलीची बारीक नळी सोडवा, पंख्याचं कनेक्शन काढा, वरचे बोल्ट खोला आणि पंख्यासकट रेडिएटर सरळ वर उचला. तळाचे दोन रबरी बुश खाली पडतात, ते जपून ठेवा. एसीचा कंडेन्सर समोरच असतो. त्याच्या पाइपांना हात लावायचा नाही.

कारागिराकडे नुसतं भोक बुजवून घेऊ नका. टाकी उघडून आतल्या नळ्यांत साचलेला क्षार सळई मारून काढून घ्या, नाहीतर गळती थांबेल आणि गाडी तापतच राहील. काम झालं की रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून त्यात हवा भरतात. हे तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा. बुडबुडा आला तर तिथल्या तिथे पुन्हा डाख.

आता हळदीबद्दल. ट्रकवाले रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकतात आणि बारीक गळती खरंच थांबते; हळद फुगून भोकात अडकते. बाजारात मिळणारी गळती थांबवण्याची बाटली हेच काम करते. पण दोन्हींना भोक आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. ताम्हिणीत अडकलात तर जरूर टाका, पण घरी आल्यावर सगळं धुऊन काढा.

भरणं आणि हवा काढणं

बोअरचं पाणी भरू नका, त्यातले क्षार नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घ्या, किंवा तयार मिश्रण घेऊन त्यात काहीच मिसळू नका. पुण्यात पाणी गोठायची भीती नाही म्हणून कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यातली गंजरोधक द्रव्यं हवी असतात, गोठण्याचा संबंध नाही. हिरवा आणि नारिंगी एकमेकांत ओतू नका.

गाडीचं तोंड थोड्या चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा आणि इंजिन गार असतानाच सुरू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल तसं भरत जा. वरचा पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडला. पाणी वर येऊन सांडायला लागलं की झाकण लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. पंखा लागलाच नाही आणि काटा चढत राहिला तर इंजिन बंद करा; मग पंख्याची मोटर, फ्यूज आणि स्विच तपासायला हवेत. बाटली गार असताना कमाल रेघेपर्यंतच भरा. पुढचा आठवडाभर रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी पातळी बघा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरेल, ती अडकलेली हवा. त्यानंतर उतरली तर पुन्हा पुठ्ठा सरकवा.

टबात जमलेला जुना कूलंट गटारात ओतू नका आणि पार्किंगमध्ये उघडा ठेवू नका. तो गोड लागतो, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडक्यानंही दगावतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ लिहून ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या आणि फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्यानं धुऊन टाका.