काकडीच्या फुलांवर धातूंचं काम करायचंय? आधी ऊन आणि पाणी सांभाळा

एम.एस्सी.ला जड धातूंचा विषय घेणारे बहुतेक जण मुळांची लांबी आणि हरितद्रव्य मोजून थांबतात. फुलांकडे वळा, असं मी आग्रहाने सांगेन.

काकडीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. इथिलीन वाढलं की मादी फुलं जास्त, जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक वाढलं की नर. हे इथिलीन म्हणजे केळी पिकवायला वापरतात तोच वायू. तो ओळखणाऱ्या प्रथिनाला तांबं लागतं. तिथे चांदी शिरली की वायू असूनही वेलाला कळत नाही, आणि निव्वळ मादी फुलांच्या वाणावरही नर फुलं येतात. असे वाण टिकवायला पैदासकार सिल्व्हर नायट्रेट (चांदीचा विरघळणारा क्षार) फवारतात ते यासाठीच. कोबाल्ट इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी अडवतं. कॅडमियमने मात्र अनेक झाडांत इथिलीन उलट वाढतं. त्यामुळे ‘जड धातूंचा परिणाम’ असं सरसकट लिहू नका, धातूचं नाव घेऊन लिहा.

आता खानदेशातली अडचण. कडक ऊन आणि मोठा दिवस असला की काकडीला मुळातच नर फुलं जास्त लागतात. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मेमध्ये प्रयोग लावला तर ती धातूची करामत की उन्हाची, हे सांगणं अवघड. मी थंडी ओसरताना बी लावते आणि बिनधातूच्या कुंड्या त्याच रांगेत, आलटून पालटून ठेवते. त्या कुंड्यांना नुसतं पाणी देऊ नका. सिल्व्हर नायट्रेटमधून जेवढं नायट्रेट जातं, तेवढं पोटॅशियम नायट्रेटमधून द्या, म्हणजे दिसलेला फरक चांदीचा, नायट्रेटचा नाही, हे कळेल.

द्रावण डिस्टिल्ड पाण्यातच करा. बोअरच्या खारट पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पाणी दुधाळ होतं, चांदी क्लोराइडशी जुळून साक्यात जाते, वेलाला फारशी मिळत नाही. आपली काळी, चुनखडीची मातीही बरेच धातू धरून ठेवते. धुतलेली वाळू बरी.

फुलं रोज सकाळी बघा, नर फुलं लवकर गळतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली केसाळ, बोटाच्या पेराएवढी काकडी दिसते. नुसती बेरीज नको. पहिलं मादी फूल कितव्या पेरावर आलं, तेही लिहा. शहाद्याकडच्या मुलांना पपई जवळची वाटते, पण तिचं लिंग गुणसूत्रांवरच ठरतं, म्हणून सुरुवात काकडीनेच करा.

उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, लेबल लावून प्रयोगशाळेच्या कचऱ्यात द्या. प्रयोगाचे वेल गुरांपुढे टाकू नका आणि काकडी कोणाला खाऊ देऊ नका.